मास्तरीणबाईंचं कुलूप

मुंगीला स्वतःचं दार मिळालं ते चाळिशी उलटल्यावर. तोवर ती भावाच्या घरी दिवाणखान्यात झोपायची. घडीची खाट होती. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की उघडायची आणि सकाळी पहिलं माणूस उठलं की मिटायची. तिला कुणी छळलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. पण इतक्या वर्षांत तिने कधी दार लावून घेतलं नव्हतं, कारण लावून घ्यायला दारच नव्हतं.

मुंगी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. चणीने लहान, हातात सतत काहीतरी काम आणि बोलणं बेताचं, म्हणून दादाने लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कामावरही तेच पोचलं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे, आणि ती मेणात एकेक दात बसवून, घासून, चकचकीत करून परत द्यायची. ज्यांच्यासाठी बनवायची त्यांची तोंडं तिने कधी पाहिली नाहीत. "पण निम्म्या शहराचं हसू हिच्या हातचं आहे," असं तिचे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

तिने घर घेतलं तेव्हा दादाचं तोंड उतरलं. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मुंगीला पंख फुटले हो!" सगळे हसले. पंख फुटलेल्या मुंगीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते हसू लवकरच ओसरलं.

सामान पोचवायला दादा आला. जाताना तो दाराशी थबकला आणि कुलपात चावी फिरवून फिरवून बघू लागला.

"हे कुलूप आधी बदल. आधीच्या लोकांनी कुणाकुणाला चाव्या वाटल्या असतील, देव जाणे. उद्या मी माणूस घेऊन येतो."

"मी बघते ना, दादा."

"तू काय बघणार?"

"माझ्या दाराचं कुलूप मी बघेन."

मनात होतं त्यापेक्षा जरा जास्तच तिखट बोलली ती. दादा जिना उतरून गेला. कुलूपवाल्याला तिने दुसऱ्याच दिवशी गाठलं, पण त्याने सोमवारचा वायदा केला. तोवर आतली कडी आहेच की, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. आता पुन्हा दादाला फोन करून 'तूच आण बाबा माणूस' असं म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच, तिसऱ्या मजल्यावर. आधी तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. गेल्या वर्षी त्या मागच्या खोलीत झोपेतच गेल्या, हे तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी मुंगीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "पण घाबरू नका हो, बाई स्वभावाने फार चांगल्या होत्या," असंही वर जोडलं, जणू त्या खाष्ट असत्या तर घाबरायला हरकत नव्हती. जाण्याआधी बाईंनी घर मुलीच्या नावावर केलं होतं, आणि मुंगीने ते त्या मुलीकडूनच घेतलं. ही मुलगी औषधांच्या दुकानात नोकरीला होती. पन्नाशीची, कामापुरतं बोलणारी, डोळ्यांखाली काळं पडलेली. बाईंना एक मुलगाही आहे, हे मात्र ना शिंपीकाका बोलले, ना ती.

राहायला आल्यावरचा पहिलाच रविवार. दुपारची वेळ. मुंगीने रिकामी खोकी जिन्याखाली नेऊन ठेवली आणि वर आली. हात पुठ्ठ्याच्या धुळीने माखलेले, म्हणून दार कोपरानेच लोटलं. लॅच खट्कन लागलं. कडी घालायची राहिली. हात धुऊन ती स्वयंपाकघरात स्टुलावर चढली आणि फडताळात कागद अंथरू लागली.

आणि बाहेर कुलपात चावी फिरली.

आधी तिला वाटलं, शेजारचं दार असेल. मग वाटलं, दादा! गुपचूप दुसरी चावी करून घेतलीन वाटतं माझ्या घराची! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो राग तसाच तोंडावर घेऊन ती तरातरा दिवाणखान्याकडे निघाली आणि उंबऱ्याशीच थिजली.

एक परका माणूस तिच्याकडे पाठ करून दार लावून घेत होता. उंच, काटकुळा, मान उन्हाने काळी पडलेली. त्याने खाली न बघताच बूट काढून दारामागच्या कोपऱ्यात सरकवले. मग न बघताच खांद्यावरची पिशवी भिंतीला अडकवायला गेला. तिथली खुंटी मुंगीने आदल्याच दिवशी उपटली होती. पिशवी धप्पकन खाली पडली.

"आई," त्या कोऱ्या भिंतीकडे बघत त्याने हाक मारली, "खुंटी कुठे गेली गं?"

मग तो वळला, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मुंगी एक पाऊल मागे सरली.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "आईकडे कामाला आहात का?"

दार त्याच्या पाठीशी होतं. ती आणि दार यांच्या मधोमध तो. शेजारचे गावाला गेलेले, शिंपीकाकांचं दुकान रविवारचं बंद. आणि डोक्यात दादाचं एकच वाक्य घुमत होतं, लहानपणापासून ऐकलेलं: परक्या माणसाला कधी कळू द्यायचं नाही, की तू घरात एकटी आहेस.

"हो," ती म्हणाली.

"आई झोपली आहे का आत?"

"नाही... बाहेर गेल्यात."

"कुठे?"

"मुलीकडे."

त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि मुंगीला त्याच्या रागापेक्षाही त्या आनंदाचीच जास्त भीती वाटली. "म्हणजे ताई येते-जाते अजून. बरं झालं. मला वाटलं होतं, माझ्यापायी त्या दोघींचंही फाटलं असेल. कधी येईल?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग थांबतो की मी," तो म्हणाला, आणि दाराजवळच्या भरल्या खोक्यावर बसला.

आता काय करावं? खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण मुंगीचं खोटं त्या दुपारी चांगलं चार पायांनी घरभर धावत सुटलं. त्याने विचारलं, आईचं कपाट कुठे गेलं. ती म्हणाली, पॉलिशला दिलंय. त्याने विचारलं, खोकी कसली. ती म्हणाली, रंग काढायचाय घराला. रंगाचं नाव काढताच तो उठून भिंतीजवळ गेला आणि नखाने पोपडा खरवडून बघू लागला. त्याच्या प्रत्येक नखाच्या कडेला करड्या रंगाची बारीक रेघ होती.

"रंगाचं मला विचारा. पूल रंगवतो आम्ही. लोखंडी, नदीवरचे, खाडीवरचे. एक संपला की टोळी दुसरीकडे. दोरावर लोंबकळत दिवस काढायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर पहिलं टोक गंजायला लागलेलं असतं." तो हसला. "आईला सांगू नका हं, दोराचं. तिला उंचीची भीती वाटते."

मुंगी ओठ घट्ट मिटून उभी होती. माणूस बोलायला साधा वाटत होता, पण साधा वाटतो म्हणून साधाच असतो असं कुठे आहे? शिवाय त्याचे हात स्वस्थ नव्हते.

"सहा वर्षांनी येतोय," तो म्हणाला. "काय बोलायचं ते सगळं पाठ करून आलोय. येताना बसमध्ये शेजारचा माणूस सारखा माझ्याकडे बघत होता, वेडा आहे की काय म्हणून. म्हणून दाखवू का? तुम्ही तिच्याबरोबर असता, तुम्हाला कळेल तिला पटतं का ते. तिला अघळपघळ चालत नाही. मुद्द्याचं बोल, म्हणते."

मुंगी नको म्हणायच्या आत तो उठून उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे बांधले, नजर तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लावली, आणि वर्गात धडा म्हणणाऱ्या पोरासारखा बोलू लागला.

"आई, मी काही मागायला आलो नाही. मी दारू सोडली. पहिल्यांदा सोडली तेव्हा पुन्हा लागली, म्हणून तेव्हा आलो नाही. आता दुसऱ्यांदा सोडली, ती टिकली. तुझा हात..." खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "तुझा हात माझ्यामुळे कापला. मी तेव्हा थांबलो नाही. तुला तशीच टाकून जिना उतरलो. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

मुंगीने विचारलं, "हात? कसा कापला?"

त्याने नजर खाली घातली. "मधल्या दाराला काच होती. मी मूठ मारली. ती पलीकडेच उभी होती."

त्यानंतर खोलीत असं काही उरलं नाही ज्याची मुंगीला भीती वाटत नव्हती. कसंबसं तोंड उघडून ती म्हणाली, "मी जरा वाळत घातलेले कपडे काढून आणते." आणि मागच्या खोलीतून गॅलरीत गेली. दार ओढून घेतलं, मास्तरीणबाईंच्या मुलीला फोन लावला. तोंडावर हात धरून, दोरीवरच्या चादरीआड उभी राहून, तिने काय घडलं ते सांगितलं.

पलीकडे काउंटरवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"जिवंत आहे तो?" मग ती बाई म्हणाली. आणि लगेच आवाज बदलून, "तुम्ही त्याला आत कसं घेतलंत?"

"मी नाही घेतलं. त्यांच्याकडे चावी आहे."

"चावी." फोनमध्ये एक लांब सुस्कारा आला. "ऐका. त्याला काही सांगू नका. आई गेल्याचं त्याला माहीत नाही. कुणाला कळवणार होते मी, ना पत्ता ना ठिकाण. राग आला की तो माणसात राहत नाही, मी बघितलंय. मी दुकान कुणाच्या तरी हवाली करून निघते. तासभर लागेल. तोवर काहीही सांगून वेळ काढा. आणि फार वाटलं तर सरळ पोलिसांना बोलवा. माझी काही हरकत नाही."

तासभर! मुंगीने चादर ओढली, छातीशी धरली आणि आत आली.

तो दिवाणखान्यात नव्हता. स्वयंपाकघरात स्टुलाजवळ उभा राहून फडताळातल्या अर्धवट कागदाकडे बघत होता. तिला पाहून काही म्हणणार, तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. दादा.

तो बघत असताना तिने फोन घेतला.

"काय गं, मुंगे? सगळं ठीक ना?"

'दादा, ये' एवढे दोनच शब्द पुरे होते. दादा स्कूटर काढून सुटला असता. पण आज दादा आला, की उद्या सामान परत, परवा घडीची खाट, आणि मग जन्मभर 'सांगितलं होतं ना'. शिवाय दादा कसा, तर आधी हात उगारणार आणि मग विचारणार. समोरचा माणूस ओट्यावरचा चहाचा डबा उचलून त्याच्या झाकणाची उघडझाप करत होता.

"हो, ठीक आहे," ती म्हणाली.

"आवाज का असा?"

"धूळ फार आहे रे खोक्यांची. नंतर करते तुला."

फोन ठेवला आणि तिला कळलं, की आत्ता आपण आपलाच दोर कापला.

"भाऊ का?" त्याने विचारलं.

"हो."

"चहा करू म्हटलं. आई डबा कुठे ठेवायची ते आठवत होतो." तो भांड्यांच्या कपाटाकडे वळला. "कप कुठे ठेवलेत?" आणि ती अडवायच्या आत त्याने कपाट उघडलं.

आत एक ताट होतं. एक वाटी, एक पेला, एक कप. नवे कोरे, तळाला अजून चिकटपट्टीचा कागद असलेले.

तो तिथेच थांबला. एकेक वस्तू नजरेने जणू चाचपडत राहिला. मग तिच्या बाजूने निघून मागच्या खोलीत गेला. मुंगीला दार उघडण्याचा, बंद होण्याचा, पुन्हा उघडण्याचा आवाज आला. आत तिचे कपडे होते, तिची एकटीची गादी, खिडकीत तिचा कंगवा. बाहेर पळावं तर हीच वेळ, असं तिला वाटलं, पण पाय उचलेनात. आणि उचलले तोवर तो परत आला होता, स्वयंपाकघराच्या दारात उभा. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. कागद कापायची कात्री ओट्यावर होती, दोघांपासून सारख्याच अंतरावर. दोघांनीही एकदा तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही इथे कामाला नाही," तो म्हणाला.

"नाही."

"खरं सांगा. आई कुठे आहे?"

त्याच्या ताईने बजावलं होतं, सांगू नका. वेळ काढा. पण त्या चेहऱ्याकडे बघत मुंगीला आणखी एक खोटं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते उच्चारवलं नसतं.

"त्या गेल्या," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. घर तुमच्या बहिणीने मला विकलं. मी इथे राहते."

मग त्याचे कान लाल झाले, मान लाल झाली.

"तासभर," तो हळू म्हणाला. "तासभर मी तुमच्यापुढे बडबडतोय. उभा राहून धडा म्हणून दाखवला. आणि तुम्ही ऐकून घेत होतात?" शेवटचे शब्द ओरडूनच आले, आणि त्यांच्याबरोबर त्याचा पंजा कपाटाच्या दारावर आदळला. आतलं ताट घसरून खाली आलं आणि गरगर फिरत राहिलं. "गंमत वाटत होती का?"

"मला भीती वाटत होती!"

"कसली?"

"तुमची! मी एकटी राहते इथे!"

जे कुणाला म्हणून सांगायचं नाही, ते तिने ज्याला सांगू नये त्यालाच ओरडून सांगितलं होतं. ताट फिरायचं थांबलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता, मिटलेल्या मुठीकडे. त्याने ती मूठ दुसऱ्या हाताने धरली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती, आणि एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. असा उलट्या पावलांनी दिवाणखान्यात जाऊन तो भिंतीला टेकून खाली बसला. दार आता मोकळं होतं. तिने ते बघितलं. त्यानेही तिला बघताना बघितलं.

"जायचं तर जा," तो म्हणाला. "मी उठणार नाही."

मुंगी दाराशी गेली, लॅच उघडलं, दार सताड उघडं टाकलं. जिन्यातला वारा आत आला. एक पाय बाहेर टाकलेला असताना तिच्या मनात आलं: मी कुठे चाललेय? माझं घर सोडून? ती चौकटीतच उभी राहिली. ना आत, ना बाहेर. तिथून ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "कुठे गेली ती? दवाखान्यात?"

"इथेच. मागच्या खोलीत. झोपेत गेल्या, असं खालचे काका म्हणाले."

"त्रास?"

"ते मला माहीत नाही."

त्याने मान हलवली. "बसू का तिथे? थोडा वेळ."

त्या खोलीत तिची गादी होती. हो म्हणावंसं वाटेना, नाही म्हणवेना. तिने नुसतीच मान डोलावली. तो आत गेला. दार लावलं नाही त्याने. आतून आधी काहीच आवाज आला नाही, आणि मग आला तो रडण्याचा नव्हता. कुणीतरी जड काही उचलताना करावा तसा, थांबून थांबून. मुंगी चौकट धरून ऐकत होती. तिच्या मनात एक क्षण असाही येऊन गेला, की त्या खोलीला बाहेरून कडी आहे. घालावी आणि खाली पळावं. तो विचार आला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली नाही. ती लाज नंतर, दुसऱ्या दिवशी वाटली.

जिन्यात पावलं वाजली. मास्तरीणबाईंची मुलगी धापा टाकत वर आली. दुकानातला पांढरा कोट तसाच अंगावर होता. उंबऱ्याशी थांबून तिने आधी मुंगीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला काही केलं नाही ना?"

"नाही. मी सांगितलं त्यांना."

"सांगितलंत?" ती पुढे झाली, मग थबकली. "आत येऊ?"

तिच्या आवाजाने तो बाहेर आला होता. भाऊ-बहीण खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले. मुंगीला वाटलं, आता गळ्यात पडतील. कसलं काय!

"घर विकलंस," तो म्हणाला.

"तू कुठे होतास?"

"विकायच्या आधी मला शोधायचं तरी..."

"कुठे शोधू? कुठल्या पुलावर? आई रोज दाराकडे तोंड करून बसायची, ते मी बघत होते. तू नाही! कुलूप बदलू म्हटलं तर जेवण सोडायची. म्हणायची, त्याच्याकडे चावी आहे, तो आला आणि दार उघडलं नाही तर परत कधी येणार नाही. शेवटी मी नाद सोडला. झुरूनच मेली ती त्या कुलपापायी!"

"असं बोलू नकोस!"

"बोलणार! तिच्या दंडाला टाके मी घालून आणले होते! तू नाही!"

तो दोन ढांगांत पुढे आला. बहीण हटली नाही. उलट हनुवटी वर करून उभी राहिली, मार म्हणत असल्यासारखी. त्याचा हात वर गेला. मारायला की तोंड झाकायला, ते मुंगीला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही. त्या वेळी तिने एवढंच केलं, की स्वयंपाकघरात धावत जाऊन जमिनीवरचं ताट उचललं आणि ओट्यावर असं आपटलं की दोघंही दचकले.

"बास!" ती ओरडली. इतका मोठा आवाज आपल्याला आहे हे तिलाच माहीत नव्हतं. "भांडायचं असेल तर खाली जाऊन भांडा! हे माझं घर आहे. इथे कुणी कुणावर हात उचलायचा नाही!"

दोघं तिच्याकडे बघतच राहिले. मग बहिणीचा चेहरा एकाएकी विस्कटला. ती भरल्या खोक्यावर बसली आणि पांढऱ्या कोटात तोंड खुपसून रडू लागली. तो तिच्याजवळ जायला निघाला, थांबला, पुन्हा निघाला. शेवटी तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला. "ताई," एवढंच म्हणाला. तिने बघितलं नाही, पण उठूनही गेली नाही.

निघताना त्याने बूट घातले आणि पिशवी उचलली. मुंगीने हात पुढे केला. कशासाठी ते त्याला बरोबर कळलं. त्याने खिशातून चावी काढली, तळहातावर धरून पाहिली.

"राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुम्ही कुलूप बदला."

ताई काही बोलणार होती. मुंगीने जरा विचार केला. "उद्या बदलणार आहे," ती म्हणाली.

"बदलाच," तो म्हणाला, आणि बहिणीच्या मागोमाग जिना उतरला.

मुंगीने कडी घातली, खोकं ढकलून दाराला लावलं. दाराशीच ती खाली बसली. खिडकीतला उजेड जाईपर्यंत ती तशीच बसून होती, आणि तोंडाने पुन्हापुन्हा, कुणी ऐकत नसताना, "गेले, गेले" म्हणत होती.

सोमवारी कुलूप बदललं. पुढच्या आठवड्यात दादा आला, नव्या कुलपावरून बोट फिरवून म्हणाला, "सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "हो, सांगितलं होतंस." बाकीचं तिने त्याला कधी सांगितलं नाही. भीती मात्र नव्या कुलपाने गेली असं झालं नाही. कामावर शेजारच्या खोलीचं लॅच वाजलं तरी मेणात बसवलेला दात तिच्या बोटाखाली वाकडा व्हायचा. रविवारी दुपारी ती मुद्दाम बाजारात जाऊन बसायची. दोनदा तर रागाने स्वतःलाच म्हणाली, जा परत, घाल खाट दिवाणखान्यात. गेली मात्र नाही.

तिसऱ्या महिन्यात त्या ताईचा फोन आला. तिचा भाऊ आता तिच्याकडेच राहत होता. जवळच्या कारखान्यात रंगकाम मिळालं होतं. एकमेकांशी बोलणं अजून कमीच होतं, पण जेवायला दोघं एका वेळी बसत.

"एक विचारायचं होतं," ताई म्हणाली. "आईला जाऊन वर्ष होतंय. त्याला एकदा त्या खोलीत येऊन बसायचंय. मी बरोबर येईन. जास्त वेळ नाही. तुम्हाला चालेल का?"

मुंगी गॅलरीत उभी होती. खाली शिंपीकाका कुणाच्या तरी बाह्यांचं माप घेत होते. आधी तिच्या तोंडाशी 'हो' आलं होतं. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. कुणाला अडचण नको म्हणून रोज सकाळी आपली खाट आधी मिटणारी बाई ती.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना सांगा, माझ्या मनात राग नाही. पण नाही."

"बरं," ताई म्हणाली. "सांगते मी त्याला." आवाजात दुखावलेपण होतं, ते लपलं नाही.

मुंगीने फोन ठेवला. वाईट वाटत होतं, आणि शब्द मागे घ्यावासाही वाटत नव्हता, दोन्ही एकदमच. ती आत आली, मागच्या खोलीत गादीवर आडवी झाली आणि तिने दार लावून घेतलं. जराशाने तिला गाढ झोप लागली.